परिच्छेद कात्रीने कापून पाहा

पत्र: ताई, मी काही वर्षांपासून पर्यावरणावर लिहिते. समुद्रातल्या प्लास्टिकवर महिनाभर वाचून, टिपणं काढून एक मोठा लेख लिहिला. सोबत जोडला आहे. ज्यांनी वाचला ते सगळे म्हणाले, 'छान आहे, माहितीपूर्ण आहे.' आठवड्याने एका मैत्रिणीला विचारलं, लेखातलं काय आठवतंय? ती म्हणाली, 'प्लास्टिक वाईट असतं.' दुसऱ्या एकाने कबूल केलं की त्याने लेख निम्म्यातच सोडला. माझी भाषा कोरडी आहे का? फोटो वाढवू का? की लोकांना या विषयाचाच कंटाळा आला आहे?
– एक हिरमुसलेली लेखिका

नमस्कार,

तुमचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसता वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. आधी तुमची मुख्य शंका दूर करते: भाषा कोरडी नाही. वाक्यं स्वच्छ आहेत, शब्द नेमके आहेत आणि माहितीमागची मेहनत जागोजागी दिसते. विषयाचा कंटाळा म्हणाल, तर तो वाचकाला या विषयाचा आलेला नाही. तो एकाच साच्यात हा विषय पुन्हा पुन्हा वाचून आलेला आहे. तुमच्या लेखाची अडचण बांधणीत आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

तुमचे उपमथळे बघा. प्रस्तावना, प्लास्टिक म्हणजे काय, प्रदूषणाची कारणे, परिणाम, उपाय, समारोप. एवढे सहा शब्दगट वाचले की पुढे काय येणार हे वाचकाने ओळखलेलं असतं. 'परिणाम'खाली कासव येणार, 'उपाय'खाली कापडी पिशवी येणार. जे येणार हे आधीच ठाऊक आहे, त्याची वाट कोण बघेल? वाचक थांबतो तो पुढचं जाणून घ्यायचं असतं म्हणून. मनातला प्रश्न संपला की तो उठून जातो, भाषा कितीही चांगली असो.

एक प्रयोग सांगते. लेखाची छापील प्रत काढा आणि परिच्छेद कात्रीने सुटे करा. ते टेबलावर पसरून, ज्याने लेख वाचलेला नाही अशा कुणालातरी क्रमाने लावायला सांगा. मी तुमच्या 'परिणाम' या भागावर हे करून पाहिलं. त्यात पाच परिच्छेद आहेत: कासवं, समुद्रपक्षी, प्रवाळ, मासे, माणूस. मी पक्षी आणि मासे यांची अदलाबदल केली. काहीही बिघडलं नाही. मग प्रवाळ सगळ्यात वर नेलं, तरीही काही बिघडलं नाही. ज्या लेखातला परिच्छेद उचलून कुठेही ठेवता येतो, तो लेख अजून बांधलेला नाही, नुसता रचून ठेवलेला आहे. बांधलेल्या लेखात प्रत्येक परिच्छेद काहीतरी अर्धवट सोडतो आणि पुढचा ते उचलून घेतो.

हे माझं एकटीचं मत नाही. बॉनी मेयर या अमेरिकन संशोधक १९७०च्या दशकापासून नेमकं हेच तपासत आल्या: मजकुराच्या बांधणीचा आठवणीवर काय परिणाम होतो? १९८०च्या त्यांच्या अभ्यासात नववीतली मुलं होती. ज्या मुलांनी लेखकाने वापरलेली बांधणी ओळखली आणि सांगताना तीच धरून ठेवली, त्यांना मजकूर जास्त आठवला. १९८४च्या दुसऱ्या अभ्यासात माहिती तीच ठेवून बांधणी बदलली होती. तुलनेत किंवा कारण-परिणामात गुंफलेली माहिती, सुट्या यादीसारख्या दिलेल्या त्याच माहितीपेक्षा जास्त लक्षात राहिली. तुमच्या मैत्रिणीला 'प्लास्टिक वाईट असतं' एवढंच आठवलं, कारण तुमची यादी एवढ्या एका वाक्यावरच टांगलेली होती. त्या खुंटीला दुसरं काही अडकवायला जागाच नव्हती.

आता तुमच्याच टिपणांकडे वळू. नवव्या पानावर, 'इतर माहिती'खाली, तुम्ही दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत आणि लेखात घेतलेले नाहीत. पहिला आकडा जेना जॅम्बेक आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या अभ्यासातला. २०१० या एका वर्षात १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असा तो अंदाज. दुसरा २०१४चा. जगातल्या सगळ्या समुद्रांच्या पृष्ठभागावर मिळून साधारण २ लाख ६९ हजार टन प्लास्टिक तरंगत असावं, असा हा अंदाज. हे दोन आकडे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. एका वर्षात पन्नास लाख टनांच्या आसपास तरी आत जातं, तेही वर्षानुवर्षं, आणि वर मोजायला गेलं तर तीन लाख टनसुद्धा भरत नाही. मग बाकीचं गेलं कुठे?

हा तुमचा लेख आहे. हाच प्रश्न मधोमध ठेवा आणि त्याच्याभोवती सगळं पुन्हा उभं करा.

शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत जो छोटा निबंध छापला, त्याच्या शीर्षकातच तो आहे: सगळं प्लास्टिक आहे तरी कुठे? 'मायक्रोप्लास्टिक', म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, हा शब्द आज तुम्हीआम्ही सहज वापरतो. तो रूढ झाला या निबंधापासून. म्हणजे तुमच्या 'प्लास्टिक म्हणजे काय' या विभागात व्याख्या म्हणून आलेला शब्द मुळात एका शोधाचं उत्तर होता. तुम्ही उत्तर आधी दिलंत आणि प्रश्न विचारलाच नाहीत. प्रश्न आधी आला असता, तर तीच व्याख्या वाचकाने अधीरतेने वाचली असती.

पुढे एकेक शक्यता उघडत जाता येते. काही प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, ते बुडतं. काही तरंगतं, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले वाढले की जड होऊन तेही खाली जातं. पुष्कळसं किनाऱ्यावर परत फेकलं जातं आणि वाळूत गाडलं जातं. काही उन्हाने ठिसूळ होतं, लाटांनी फुटत जातं आणि मोजणीच्या जाळीतून निसटण्याइतकं बारीक होतं. काही प्राण्यांच्या पोटात जातं. मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोल राहणाऱ्या छोट्या कवचधारी जिवांच्या पोटातही प्लास्टिकचे तंतू सापडले आहेत. बघा, तुमचे कारणे आणि परिणाम या विभागांतले बहुतेक मुद्दे इथे आले. फक्त ते आता एका शोधाचे टप्पे झाले आहेत, आणि हे टप्पे कात्रीने कापून हलवता येणार नाहीत.

एक जपा. हे आकडे अंदाज आहेत आणि बदलत आले आहेत. २०२३च्या एका अभ्यासाने दरवर्षी समुद्रात जाणाऱ्या तरंगत्या प्लास्टिकचा अंदाज बराच खाली, वर्षाला सुमारे पाच लाख टनांवर आणला. समुद्रात असलेल्या प्लास्टिकचा अंदाज मात्र त्याने वर नेला. म्हणजे 'हरवलेलं' प्लास्टिक वाटलं होतं तितकं हरवलेलं नसेलही. यामुळे लेख कमकुवत होईल असं तुम्हाला वाटेल आणि हे गाळावंसं वाटेल. गाळू नका. लेखाच्या दोन तृतीयांशावर, वाचक उत्तराजवळ पोचलोय असं समजत असताना, हे सांगा. तिथे वाचक सावरून बसतो. शिवाय आपल्यापासून काही लपवलं जात नाही हे त्याला कळतं, आणि या विषयात त्या विश्वासाची फार गरज आहे.

विश्वासाचं निघालंच आहे, तर तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातलं 'प्लास्टिकचं तरंगतं बेट' काढा. असं बेट नाही. चार्ल्स मूर १९९७मध्ये होनोलुलूहून बोटीने परतताना उत्तर पॅसिफिकमधल्या, जिथे प्लास्टिक गोळा होतं त्या भागातून गेले आणि पुढे त्याकडे जगाचं लक्ष गेलं, हे तुम्ही बरोबर लिहिलं आहे. पण त्या पट्ट्यात उभं राहता येईल असं काहीच नाही. २०१८च्या एका अभ्यासाने तिथे १६ लाख चौरस किलोमीटरवर सुमारे ७९ हजार टन प्लास्टिक असल्याचा अंदाज दिला. गणित करून पाहा, चौरस किलोमीटरला सरासरी ५० किलोच्या आसपास येतं. बोटीवरून पाहिलं तर बहुतेक वेळा साधं निळं पाणीच दिसतं. हे वाचकाला सांगायची पद्धतही बांधणीचाच भाग आहे. त्याच्या मनात बेटाचं चित्र आधीच आहे. ते चित्र उघडपणे समोर ठेवा, ते चूक आहे हे स्पष्ट सांगा आणि लगेच खरं काय आहे ते दाखवा. नुसतं खरं सांगितलं तर जुनं चित्र शेजारी तसंच राहतं. २०५०पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त असेल, हे तुमच्या समारोपातलं वाक्यही काढा. ते २०१६च्या एका अहवालातून पसरलं. त्यात माशांचं वजन आणि प्लास्टिकची वाढ दोन्ही फार कच्च्या गृहीतकांवर उभी होती. तुमच्याकडे त्याहून भक्कम गोष्टी आहेत.

आता सुरुवात. तुमचं पहिलं वाक्य: 'प्लास्टिक प्रदूषण ही आजच्या युगातील एक अत्यंत गंभीर जागतिक समस्या आहे.' यात खोटं काही नाही, पण वाचकाला ते आधीपासून मान्य आहे. मान्य असलेल्या वाक्यापुढे तो कशाला सरकेल? तुमच्या टिपणांत खेळण्यातल्या बदकांची एक ओळ आहे. तिच्यावरून मी एक सुरुवात करून पाहिली. तशीच घ्या असं म्हणत नाही, क्रम कसा चालतो एवढं बघा:

'जानेवारी १९९२. उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात सापडलेल्या एका मालवाहू जहाजावरून काही कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात अंघोळीच्या टबात तरंगणारी सुमारे २८ हजार खेळणी होती. पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. कंटेनर उघडला, पुठ्ठ्याची खोकी पाण्याने विरघळली आणि खेळणी मोकळी झाली. दहा महिन्यांनी, तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर, अलास्कातल्या सिटका गावाच्या किनाऱ्यावर पहिली काही खेळणी लागली. बाकीची अजून वाटेत होती.'

यात प्लास्टिक हा शब्द एकदाही नाही. गंभीर, भयानक, चिंताजनक यातलं काही नाही. पण 'पुठ्ठ्याची खोकी विरघळली' आणि 'खेळणी मोकळी झाली' या दोन गोष्टी एका वाक्यात शेजारी ठेवल्या की, प्लास्टिक टिकतं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम उघडं ठेवलं आहे. वाटेत म्हणजे कुठे? ही वाट कोण ठरवतं? इथून पुढच्याच परिच्छेदात तुम्ही समुद्रप्रवाहांवर जाऊ शकता. कर्टिस एब्समायर आणि जेम्स इन्ग्राहम या समुद्रशास्त्रज्ञांनी ही खेळणी कुठे कुठे लागली याच्या नोंदी प्रवाहांच्या संगणकीय प्रतिमानाशी ताडून पाहिल्या. समुद्रात जाणूनबुजून हजारो खुणेच्या वस्तू सोडायला कोण परवानगी देईल? अपघाताने त्या सुटल्या आणि प्रवाह वाचता आले. तुमच्या मूळ लेखात समुद्रप्रवाहांचा परिच्छेद सगळ्यात जड आहे. इथे आला तर वाचक तो आनंदाने वाचेल, कारण त्याला बदकांचं पुढे काय झालं हे हवं आहे.

या जागेवरूनच आकड्यांबद्दल सांगते. तुमच्या पहिल्या पानावर मी अकरा आकडे मोजले. वाचकाच्या मनात अजून एकही वस्तू नाही, एकही जागा नाही, आणि त्याच्यावर लाखो टनांचा मारा होतो. टन त्याला दिसत नाहीत. आधी वस्तू द्या, मग तिची संख्या. बदक एकदा दिसलं की २८ हजार हा आकडा डोळ्यांपुढे पसरतो. तो पसरला की लाख टनांकडे जाता येतं. आणि एका परिच्छेदात एकच मोठा आकडा. दुसरा ठेवायचाच असेल, तर तो पहिल्याशी भांडणारा हवा, तुमच्या त्या टिपणातल्या दोन आकड्यांसारखा.

आता 'परिणाम' या विभागातलं एक वाक्य जवळून पाहू, कारण इथे तुमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं आहे. 'समुद्रपक्षी प्लास्टिकला अन्न समजून खातात व त्यामुळे त्यांचा मृत्यू होतो.' कारण आणि परिणाम दोन्ही आहेत, तरी वाक्य मेलेलं आहे, कारण मधल्या कड्या गायब आहेत. अन्न का समजतात? तो पक्षी लाखो वर्षं समुद्रावर अन्न शोधतो आहे, मग आताच का चुकतो?

याचं एक उत्तर २०१६मध्ये मॅथ्यू सावोका आणि सहकाऱ्यांनी दिलं. छोटे जीव समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती खाऊ लागले की पाण्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. पेट्रेलसारख्या काही समुद्रपक्ष्यांना हा वास दुरून येतो. त्यांच्यासाठी त्याचा अर्थ एकच: इथे जेवण आहे. संशोधकांनी प्लास्टिकचे छोटे मणी जाळीच्या पिशव्यांत भरून समुद्रात ठेवले. महिनाही झाला नव्हता, त्यावर शेवाळ धरलं आणि तोच वास यायला लागला. ज्या जातींचे पक्षी या वासाचा माग काढतात, त्यांच्या पोटात प्लास्टिक जास्त वेळा सापडतं, हेही त्यांना आढळलं. म्हणजे पक्षी मूर्ख नाही. त्याची सगळ्यात भरवशाची खूणच आपण बिघडवून टाकली आहे.

वास, शेवाळ, मणी, पोट. कडीला कडी लागली की वाचक आपोआप पुढे जातो, आणि पाचव्या कडीवर त्याला जे वाटतं ते त्याचं स्वतःचं असतं. तुमच्या मूळ वाक्यानंतर तुम्ही 'ही अत्यंत हृदयद्रावक बाब आहे' असं लिहिलं आहे. कड्या पूर्ण असतील तर ते वाक्य लागणारच नाही. हे करताना बाकीचे चार जीव सोडावे लागतील, आणि ते तुम्हाला जड जाईल हे मला माहीत आहे. तरी सोडा. पाच जिवांना दोन-दोन ओळी देण्यापेक्षा एकाला पान द्या.

एकाच जिवावर लक्ष केंद्रित करण्यात धोकाही आहे. २०१५मध्ये कोस्टारिकाजवळ संशोधकांनी एका कासवाच्या नाकपुडीतून प्लास्टिकचा स्ट्रॉ ओढून काढला. तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि स्ट्रॉविरोधी मोहिमांना त्याने मोठं बळ दिलं. एका प्राण्याची गोष्ट किती ताकदीची असते हे त्यातून दिसलं. पण पुष्कळांच्या मनात समुद्रातलं प्लास्टिक म्हणजे स्ट्रॉ असं समीकरणही बसलं. वर सांगितलेल्या २०१८च्याच अभ्यासात पॅसिफिकमधल्या त्या पट्ट्यातल्या प्लास्टिकच्या वजनात ४६ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. म्हणून एका पक्ष्यापाशी वाचकाला नेलंत की तिथेच सोडू नका. पुढच्याच परिच्छेदात प्रमाण दाखवा: हा एक जीव, आणि एकूण चित्रात तो कुठे बसतो. हा जोड तुटला की वाचकाला हळहळ वाटते, पण त्याची समज वाकडी होते.

याच जोडातून उपाय निघतात. तुमच्या लेखात शेवटी बारा उपाय आहेत, क्रमांक घालून. कापडी पिशवी वापरा, सरकारने कायदे करावेत, किनारे स्वच्छ करा, जनजागृती करा. त्यात कापडी पिशवी आणि आंतरराष्ट्रीय करार एकाच वजनाने येतात आणि वाचक दोन्ही विसरतो. उपाय ज्या कडीला लागू आहे तिथेच ठेवा. जाळ्यांबद्दल लिहिलंत की त्याच परिच्छेदात सांगा की जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि तरीही जाळी हरवतात, फाटून सुटतात, सोडून दिली जातात. बारीक मण्यांबद्दल लिहिताना सांगा की अमेरिकेने धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांतले मणी बंद करणारा कायदा २०१५मध्ये केला, म्हणजे एक कडी तोडता आली. वाचकाला दिसायला हवं की कुठली कडी तुटते, कुठली अजून तुटलेली नाही आणि का.

करार शेवटाकडे घ्या. मार्च २०२२मध्ये नैरोबीत देशांनी बंधनकारक प्लास्टिक करार करायचं ठरवलं. २०२४च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये आणि ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हात वाटाघाटी होऊनही एकमत झालं नाही. वाद मुख्यतः एका प्रश्नावर अडला: फक्त कचऱ्याचं बघायचं, की प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालायची? तुमचा वाचक इथवर 'बाकीचं गेलं कुठे' हे शोधत आलेला आहे. तळाशी गेलेलं, तंतू झालेलं, पोटात गेलेलं परत काढता येत नाही, हे त्याने स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून उत्पादनाचा वाद त्याला आता आपोआप कळेल. समारोपातलं 'चला, आपण सर्व मिळून' इथे नको.

शेवटी फोटो. वाढवू नका, उलट सातातले पाच काढा. मेलेल्या पक्ष्याचा फोटो पहिल्या पानावर आहे. तो पाहून वाचक एकतर पान उलटतो किंवा त्याचा निष्कर्ष आधीच काढून मोकळा होतो. वासाच्या कड्या संपतात तिथे तो ठेवा. आणि पहिल्या पानावर फोटो हवाच असेल तर उन्हाने फिकट पडलेलं एखादं खेळण्यातलं बदक चालेल, खाली फक्त जागा आणि वर्ष. त्याखाली ओळ लिहायचा मोह आवरा.

नवा खर्डा झाला की पुन्हा कात्री चालवा आणि परिच्छेद टेबलावर पसरा. या वेळी माझ्याकडे पाठवण्याआधी त्याच मैत्रिणीला बोलवा, जिला 'प्लास्टिक वाईट असतं' एवढंच आठवलं होतं. ती कुठे अडखळली ते मला कळवा, मग तिथून पुढे बघू.